कोपरावरचं पातेलं

आमचे धाकटे दीर कधी मागे जात नसत. हे मी त्यांच्या कौतुकासाठी लिहीत नाही. एखादा माणूस चुकून शेजारच्या घरात शिरला, तर "माफ करा" म्हणून बाहेर येतो. आमचे भाऊजी आत जाऊन बसायचे, पाणी मागायचे, पोरांच्या अभ्यासाची चौकशी करायचे, आणि ते निघाले की त्या घरच्यांनाच वाटायचं, आपणच यांना बोलावलं होतं आणि विसरलो. शर्ट उलटा घातला तर दिवसभर उलटाच. बायकोशी भांडताना चूक स्वतःची निघाली, तर ते विषय बदलून दुसरं भांडण सुरू करायचे, पण पहिलं मागे घ्यायचे नाहीत.

असल्या माणसाच्या हाती डंपर दिला होता.

डंपर म्हणजे रस्त्यावर दिसतात तसला नव्हे. दगडाच्या खाणीतला. त्याचं चाक माझ्यापेक्षा उंच आणि केबिनमध्ये चढायला शिडी. खाणीत सगळे भाऊजींना उस्ताद म्हणत. हे नाव त्यांना कुणी दिलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लोकांनी." लोकांना विचारलं, तर लोक म्हणाले, "उस्तादांनीच सांगितलं."

मी त्या वेळी खाणीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायचे. चुलीसमोरच्या खिडकीतून समोर कोपर दिसायचं. कोपर म्हणजे डोंगरावर चढणाऱ्या रस्त्याचं वळण. हात दुमडल्यावर दिसतो तसा रस्ता तिथे दुमडलेला होता. त्यात चढ, त्यात सुटे दगड, आणि धूळ बसावी म्हणून मारलेल्या पाण्याने झालेला चिखल. रिकामे डंपर याच रस्त्याने वर जायचे आणि दगड भरून दुसऱ्या बाजूने उतरायचे. तेव्हा वर जायचं तर कोपर चुकवता यायचं नाही.

आणि कोपरावर शाफ्ट तुटायचे.

शाफ्ट म्हणजे काय, ते मला खाणीच्या मिस्त्रीने समजावलं होतं. या गाड्यांची पुढची चाकं नुसती वळत नाहीत, गाडी ओढतातही. इंजिनाची ताकद त्या चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. माझ्या दंडाएवढा जाड. मला आधी खरंच वाटेना की असलं लोखंड तुटतं. मग मिस्त्री म्हणाला, "मावशी, बरणीचं घट्ट झाकण मनगट सरळ ठेवून उघडा. उघडतं ना? आता मनगट पार वाकवून तेच करा." मी करून पाहिलं. झाकण जागेवर राहिलं आणि मनगटातून कळ आली. शाफ्टलाही चाकाजवळ असंच एक मनगट असतं. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं की ते मुरगळतं, आणि मुरगळलेलं असताना वरून पाय दाबून रेस दिली की तुटतं. शिवाय चिखलात चाक नुसतं गरगर फिरत असतं, ते एकदम दगडावर टेकलं की बसतो हिसका. मग कडाक् असा आवाज यायचा, माझी भांडी फळीवर वाजायची, आणि मी चहाचं आधण वाढवायचे. कारण गाडी कोपरात आडवी, रस्ता बंद, मागचे सगळे चालक कँटीनमध्ये.

हे टाळायचं कसं, यात काही मोठं रहस्य नव्हतं. कोपरावर निम्मं वळायचं, गाडी थोडी मागे घ्यायची, चाकं जराशी सरळ करायची आणि मग हळूच वर जायचं. खाणीतल्या प्रत्येक चालकाला हे ठाऊक होतं. पण मागे कोण घेणार?

कारण तिथे एक प्रथा होती. कोपरावर जो गाडी मागे घेईल, त्याच्या नावाने मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न दाबून धरायच्या, तो वर पोचेपर्यंत. डोंगर दणाणून जायचा. त्यानंतर त्या माणसाचं नाव उलटेराव. जेवायला आला की, "या उलटेराव, पाठमोरे बसता का?" एक बिचारा तर खाण सोडून शहरात रिक्षा चालवायला गेला. ही प्रथा कुणी सुरू केली, हे वेगळं सांगायला नकोच. आमच्या घरातलाच होता तो महापुरुष.

आता खाणीच्या साहेबांबद्दल. माणूस कष्टाळू होता, फक्त कष्ट कुठे करायचे याचा त्यांना अंदाज नव्हता. शाफ्ट तुटायला लागले, तेव्हा त्यांनी आधी लोखंडावर संशय घेतला. मग दुकानदारावर. मग थंडीवर, पण उन्हाळ्यातही तुटले, तेव्हा उन्हावर. शेवटी त्यांनी जाड शाफ्ट मागवले. जाड शाफ्ट काही तुटेना. साहेबांनी कँटीनमध्ये येऊन सगळ्यांना पेढे वाटले. पेढे संपायच्या आत दोन चाकांच्या मधला दातेरी चाकांचा गोळा फुटला. हिसका कुठेतरी जाणारच ना, शाफ्टने घेतला नाही म्हणून आत गेला. गोळा बदलायचा म्हणजे गाडी निम्मी उघडावी लागते. मिस्त्री डोक्याला हात लावून बसला. साहेब मात्र येईल त्याला तो जाड शाफ्ट दाखवत होते, "बघा, आहे का कुठे एक चीर?"

मग पुन्हा नेहमीचे शाफ्ट आले आणि कँटीनच्या भिंतीवर पाटी लागली: 'शाफ्ट तुटण्यापूर्वी ऑफिसला कळवावे.' त्यानंतर भाऊजी रोज सकाळी ऑफिसच्या खिडकीशी गाडी थांबवून ओरडायचे, "साहेब, अजून तरी काही विचार नाही हं!"

शेवटी गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडून एक इंजिनीअर आली. तरुण मुलगी, पायात जाड बूट, केसांना रुमाल. अख्खी सकाळ ती कोपराजवळच्या दगडावर बसून गाड्या बघत होती. दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "गाडीत दोष नाही. तुम्ही स्टिअरिंग शेवटपर्यंत नेऊन रेस देता, म्हणून तुटतोय. शेवटाच्या थोडं अलीकडे थांबा. एकदा मागे घ्या. चाक नुसतं फिरायला लागलं तर पाय उचला, दाबू नका. आणि पुढच्या चाकांची ताकद चिखलापुरतीच वापरा, कोरड्या दगडावर बंद करा."

चालक ताटात बघत राहिले. साहेब म्हणाले, "ते सगळं बरोबर आहे मॅडम. पण उपाय काय?"

मुलगी घोटभर पाणी प्यायली. "हाच उपाय."

"नाही, म्हणजे काहीतरी बसवता येईल असं?"

तेवढ्यात भाऊजी उठले. "मॅडम, तुम्ही पुस्तकात शिकलात ते ठीक. या, मी तुम्हाला कोपर दाखवतो. एका दमात."

ती म्हणाली, "नको, मी सकाळीच बघितलंय. तुम्हालाच बघितलंय."

पण हे थोडेच थांबणार! गेले, गाडीत चढले, स्टिअरिंग पार शेवटाला नेलं आणि पाय दाबला. कडाक्. फळीवरची भांडी वाजली. मी आधण वाढवलं.

साहेब चकचकीत बुटांनी चिखल तुडवत कोपरापर्यंत गेले. सगळे चालक ऐकत होते, मीही खिडकीतून ऐकत होते. "उस्ताद, पुरे झालं. आता पुढचा शाफ्ट तुमच्या हातून तुटला की तुम्ही गाडीवरून खाली. फाटकावर बसायचं, दांडी वर करायची, दांडी खाली करायची. मी हे लेखी देत नाही, कारण तोंडीच पुरेल."

भाऊजी हसले. पण मी त्यांना ते लग्नाचे नवरदेव होते तेव्हापासून बघत आले. त्यांचे कान हसत नव्हते.

मिस्त्रीला गाडी दुरुस्त करायला थोडे दिवस लागणार होते. दुसऱ्याच दिवशी दुपारी माझी जाऊ तरातरा माझ्याकडे आली.

"ताई, यांना काहीतरी सांगा. जेवत नाहीत. खुर्चीवर बसून दार उघडतात, लावतात, उघडतात, लावतात. म्हणतात, फाटकाची सवय करतोय."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, बिजागरीला तेल तरी घाला."

आम्ही दोघी हसलो, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "ताई, गाडी गेली तर हा माणूस घरात बसेल, आणि हा घरात बसला तर मी कुठे बसू?" खरंच होतं. गाडीवर होते म्हणून ते उस्ताद होते. खाली उतरवले असते तर त्यांचं काय झालं असतं, याचा मला विचारही करवेना. असली माणसं फाटकावर टिकत नाहीत, सुकतात.

मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं.

"भाऊजी, कोपरावर जरा मागे घेतली तर काय बिघडतं?"

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? त्या पोरीच्या आधीपासून कळतं. ती जन्मली नव्हती तेव्हापासून कळतं."

"मग?"

"मग काय! मी किती जणांसाठी हॉर्न दाबला असेल? आता ते सगळे माझ्या मागे उभे आहेत, बोट हॉर्नवर ठेवून."

"आणि फाटकावर बसलात तर?"

त्यांनी दार एकदा लावलं आणि पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "गाडी गेली तर लोक म्हणतील, साहेबाने काढली. मागे घेतली तर म्हणतील, यानेच घेतली."

साहेब लोखंड जाड करत बसले होते, ती मुलगी खरं बोलून गेली होती, आणि इथे हा बाबा हॉर्नला घाबरून फाटकावर जायला निघाला होता. मी घरी येऊन भांडी घासायला बसले. चांगली भांडी घासली की मला सुचतं. मला वाटलं, या माणसाला शहाणपण भरपूर आहे, अडलंय ते फक्त निमित्तासाठी.

वरच्या टप्प्यावरच्या लोकांचा सकाळचा चहा छोट्या जीपने जायचा. भाऊजींची गाडी दुरुस्त होऊन आली, त्या सकाळी मी जीपवाल्याला म्हटलं, "आज तू आराम कर, चहा मी नेते." आणि मोठं पातेलं काठोकाठ भरून दोन बायांच्या मदतीने डंपरच्या शिडीवरून वर चढवलं. मी कशी चढले, ते विचारू नका. एक जण खालून ढकलत होती, एक जण वरून ओढत होती, आणि तिसरी हसत होती.

"वहिनी! हे काय?"

"चहा. वर सोडा मला."

"झाकण कुठेय?"

"विसरले."

"तुम्ही? झाकण विसरलात?"

"म्हातारी झाले आता. चला, थंड होतोय."

पातेलं मी दोन पायांच्या मध्ये धरलं, खाली ओलं फडकं. गाडी निघाली. चढावर चहा डाव्या काठाला लागायचा, मग उजव्या. भाऊजी एक डोळा रस्त्यावर ठेवून होते आणि एक पातेल्यावर. केबिनमधून खालचं जग केवढंसं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या उंचावर रोज बसणाऱ्या माणसाला खाली उतरून दांडी वर-खाली करायला सांगणं म्हणजे काय, हेही कळलं.

कोपर आलं. मागे गाड्यांची रांग लागलेली. खाली साहेब हाताची घडी घालून उभे, त्यांना आजचा दिवस ठाऊक होता. भाऊजींनी स्टिअरिंग फिरवायला घेतलं. फिरवलं, आणखी फिरवलं, आणि ते शेवटाला टेकायच्या बेतात आलं तेव्हा त्यांचा पाय दाबायला उचलला गेला. सवयच ती.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो भाऊजी, चहा! चहा सांडतोय!"

चहा खरं तर सांडत नव्हता. सांडणार होता.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला. मग कळलं. मग, मी शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा सुटी मिळालेल्या पोरासारखा झाला. त्यांनी ब्रेक लावला, आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर वाकले आणि डोंगरभर ऐकू जाईल असे गरजले, "ए! वहिनींचा चहा आहे आत! बिनझाकणाचा! मागे घेतोय, चहासाठी घेतोय! सरका!"

गाडी मागे गेली. हातभर, दोन हात. चाकं थोडी सरळ झाली. मागून एका गाडीचा हॉर्न सुरू झाला. भाऊजी पुन्हा बाहेर वाकले. "वर चहा कुणाकुणाला हवाय?"

हॉर्न बंद.

मग गाडी हळू, पाय अलगद ठेवून, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी कोपर चढली. कडाक् नाही, काही नाही. वर पोचल्यावर मी पातेल्यात पाहिलं. थेंबभरही चहा कमी झाला नव्हता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, साखर कमी आहे." मागे न जाण्याची हौस अशी कुठूनतरी डोकं काढतेच.

मला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. पण दुसऱ्या दिवशी पहाटे कँटीनच्या दाराशी एक चालक येऊन घुटमळायला लागला. "मावशी, वर काही न्यायचंय का? सांडणारं?" मग दुसरा आला. तिसऱ्याने घरूनच अंड्यांचा ट्रे आणला होता. एकाने सासूबाईंचा आरसा मांडीवर घेतला होता, म्हणे, दुरुस्तीला टाकायचाय. डोंगराच्या माथ्यावर कोण आरसा दुरुस्त करतं, हे कुणी विचारलं नाही. सगळे कोपरावर थांबायचे, खिडकीतून ओरडायचे, "अंडी आहेत!" "आरसा आहे!" आणि मागे घ्यायचे. इतके दिवस सगळेच निमित्ताला टेकले होते, फक्त कुणाला ते सापडत नव्हतं.

शाफ्ट तुटायचे थांबले. मिस्त्रीला दुपारची झोप लागायला लागली.

आता साहेब गप्प बसतील का? त्यांनी तपास केला. कोणत्या गाड्यांत काय होतं, ते पाहिलं, आणि ते ज्या निष्कर्षाला आले तो ऐकून मी परातीतलं पीठ सांडलं. पातेल्याच्या वजनाने म्हणे गाडीचा पुढचा भाग दबतो, दबल्याने चाक जमिनीला धरून राहतं, म्हणून शाफ्ट वाचतो. हजार माणसांच्या वजनाचा डंपर, त्यात माझं चहाचं पातेलं! पण हुकूम निघाला: प्रत्येक गाडीत चालकाच्या शेजारी काठोकाठ भरलेलं उघडं पातेलं ठेवावं.

मी विचारलं, "साहेब, झाकण का नको?"

"मूळ प्रयोगात झाकण नव्हतं," साहेब गंभीरपणे म्हणाले.

भांडारातून नवी पातेली आली. त्यांवर रंगाने गाडीचा नंबर घातला. चहा परवडेना, म्हणून त्यांत पाणी भरलं. साहेबांची या शोधाबद्दल वरच्या ऑफिसात वाहवा झाली.

काही महिन्यांनी ती इंजिनीअर मुलगी पुन्हा आली. गाड्यांतली पातेली बघून तिने साहेबांना विचारलं. साहेबांनी वजनाचं सगळं समजावून सांगितलं, हातवारे करून. ती ऐकत होती आणि त्यांच्या खांद्यावरून कोपराकडे बघत होती. तिथे एक गाडी थांबली, चालकाने "पाणी!" अशी आरोळी ठोकली, आणि गाडी मागे घेतली. मुलीने माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी कणीक मळत होते.

साहेबांनी विचारलं, "मग, तुमचं मत काय? काही सुधारणा?"

"काही नाही," ती म्हणाली. "फक्त पातेली अजिबात काढू नका."

भाऊजींची गाडी अशी वाचली. मध्ये बराच काळ गेला. आमच्या साहेबांना बढती मिळून ते दुसऱ्या खाणीत गेले, तिथे पातेली न्यायला. नवे साहेब आले ते तडफदार. पहिल्याच दिवशी त्यांनी केबिनमध्ये डोकावून विचारलं, "हे काय पाणी ठेवलंय? उद्यापासून एकही भांडं नको. आणि शाफ्ट तोडणाऱ्याला फाटकावर पाठवायचं, हा आधीच्या साहेबांचा नियम चांगला आहे, तो मी कायम ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर काही ठेवलं नाही, खिडकीत उभी राहिले. रांगेत पहिली गाडी भाऊजींची. पातेलं नाही, अंडी नाहीत, आरसा नाही, मी नाही. मला वाटलं, बाहेर पडून धावत जावं, हाती लागेल ते घेऊन. पण धावायचं माझं वय उरलं नव्हतं.

गाडी कोपरावर आली. चाकं वळली. शेवटाच्या थोडी अलीकडे थांबली. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. मागच्या गाड्या थांबल्या. भाऊजींनी खिडकीबाहेर हात काढला, ओरडण्यासाठी निमित्त शोधत असावेत. सापडलं नाही. हात आत गेला.

आणि गाडी मागे आली.

मी कान झाकून घेतले. पण एकही हॉर्न वाजला नाही. मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला आत्ता तेच करायचं होतं, आणि हॉर्नवरचं बोट ज्याने त्याने कधीच गिअरवर नेलेलं होतं. भाऊजी वर चढून गेले. त्यांच्या मागचा मागे आला आणि चढला. त्याच्या मागचाही. ते वयाने निवृत्त होईपर्यंत गाडीवरच राहिले, आणि त्यांच्या हातून पुढे एकही शाफ्ट तुटला नाही.

पातेल्याविना कोपर चढले त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले, हातपाय धुतले आणि पहिल्यांदाच काही न विचारता माझ्या समोर येऊन बसले.

"वहिनी, आज खिडकीत होतात का?"

"होते."

"मग तुम्हाला दिसलंच असेल. मी मागे नाही घेतली. डोंगर जरा पुढे सरकलाय."

"हो ना," मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं."

"इंजिनीअरबाईंना कळवायला हवं," ते म्हणाले, आणि पोटभर जेवले.